यंत्र त्याच इमारतीत आहे, ते सुईपर्यंत येऊ द्या

प्रति,
विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक,
तसेच जिल्हा नियोजन समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस

विषय: छातीच्या पातळीवर एपिड्युरल देताना सोनोग्राफी आणि सी-आर्म वापरू देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. पूर्व विदर्भात, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी, सरकारी आणि खासगी अशा दोन्ही ओटींत (ऑपरेशन थिएटरांत) काम करते. हे पत्र एका सुईबद्दल आहे. दोन खवाट्यांच्या मध्ये किंवा त्यांच्या जरा खाली, पाठीच्या कण्यात एपिड्युरलची, म्हणजे तिथल्या नसा बधिर करणारं औषध देण्याची, सुई घालताना डॉक्टरला आतलं दिसायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. आतलं दाखवणारी यंत्रं आपल्या जिल्हा रुग्णालयांत आहेत. हाडांची ऑपरेशनं होतात तिथे सी-आर्म, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र असतं, गरोदर बायांच्या तपासणीसाठी सोनोग्राफी असते. तरीही भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत, फार तर तीस पावलांवर, निव्वळ बोटांच्या अंदाजाने सुई घालतो. हे अंतर मिटवायला लागणारी सही तुमची आहे, म्हणून पत्र तुम्हाला.

ही सुई कुणाला लागते ते आधी सांगते, कारण नियोजन समितीच्या बैठकीत 'एपिड्युरल' म्हटलं की बाळंतपणाच्या कळा एवढंच डोळ्यांसमोर येतं. कंबरेतलं एपिड्युरल वेगळं. छातीच्या पातळीवरचं एपिड्युरल लागतं ते जठराच्या, यकृताच्या, फुप्फुसाच्या मोठ्या ऑपरेशनांना, आणि आपल्याकडे त्याहून जास्त फासळ्या मोडलेल्या माणसांना. बांधावरून ट्रॅक्टर उलटतो. बैल शिंगावर घेतो. रानडुक्कर धडक देतं. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला घरावर चढलेला म्हातारा खाली येतो. चिंच झोडपायला चढलेल्याची फांदी तुटते. अशा माणसाच्या चार-पाच फासळ्या मोडल्या की त्याला मारणारी गोष्ट बऱ्याचदा ते मोडणं नसतं, दुखणं असतं. दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही. खोकत नाही. कफ आत साचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, ऑक्सिजन खाली जातो, आणि मग घाईघाईने 108 बोलावून 'नागपूरला रेफर'.

'दम घेता येऊन नाही राह्यला, मॅडम,' हे वाक्य या पेशंटांच्या तोंडून मी सतत ऐकत आले आहे. त्यांना डायक्लोफेनॅक, ट्रामाडॉल अशी दुखणं कमी करणारी औषधं दिली जातात, काही ठिकाणी अजूनही छातीला चिकटपट्ट्या आवळून बांधतात. पट्ट्यांनी तर छाती आणखीच जखडते. वयस्कर माणसांत हे किती महागात पडतं याचा अमेरिकेतला 2000 सालचा एक अभ्यास भूलशास्त्रात सतत सांगितला जातो. 65 किंवा त्याहून जास्त वयाच्या, फासळ्या मोडलेल्या पेशंटांत मृत्यूचं प्रमाण 22 टक्के होतं, तरुणांत 10 टक्के. वयस्करांत मोडलेल्या प्रत्येक जादा फासळीमागे मृत्यूचा धोका 19 टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा 27 टक्क्यांनी वाढत होता. आपल्या गावांत आता शेतात राबणारे कितीतरी जण साठीच्या पुढचे आहेत. पोरं पुण्याला, हैदराबादला गेलेली.

योग्य जागी बसलेलं एपिड्युरल अशा माणसाचा दिवस पालटून टाकतं. कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी चिंचोळी जागा असते तिथे दोऱ्यासारखी बारीक नळी ठेवायची आणि बधिर करणारं सौम्य बुपिव्हाकेन, गरज असेल तर दुखणं मारणारं थोडं फेंटानिल, थेंबाथेंबाने देत राहायचं. तेवढ्या पट्ट्यातल्या नसा बधिर होतात. माणूस उठून बसतो, खोकतो, फुंकणीचे व्यायाम करतो, लेकीच्या हातचा चहा घेतो. पाय चालते राहतात, डोकं जागं राहतं.

आता ही जागा सापडवणं अवघड का, ते नीट समजून घ्या अशी विनंती आहे. माझी सगळी मागणी त्यावर उभी आहे.

कंबरेत मणक्यांची मागची टोकं जवळपास आडवी असतात, दोन टोकांमध्ये सुईला सरळ वाट मिळते. छातीच्या बारा मणक्यांची गोष्ट वेगळी. साधारण पाचव्यापासून आठव्या-नवव्या मणक्यापर्यंत ही टोकं इतकी खाली झुकलेली असतात की छपरावरच्या कवेलूंसारखी एकावर एक येतात. मधोमध सुई घातली तर हाड लागतं. म्हणून बरेच भूलतज्ज्ञ बाजूने जातात: टोकापासून सेंटिमीटरभर बाजूला सुई घालायची, मणक्याच्या कमानीचं हाड लागलं की त्यावरून सुई थोडी आत, थोडी वर सरकवत दोन कमानींमधली फट शोधायची. सुई सोळा किंवा अठरा गेजची, टोकाला किंचित वाकलेली. त्वचेपासून जागेपर्यंतचं अंतर बहुतेकांत चार ते सहा सेंटिमीटर. आणि ज्या जागेत सुईचं टोक थांबायला हवं तिची जाडी या भागात तीन ते पाच मिलिमीटर. तिच्या पुढे लगेच आवरण, आणि आवरणाच्या आत प्रत्यक्ष मज्जारज्जू. कंबरेच्या वरच्या भागातच रज्जू संपतो, म्हणून खाली कंबरेत सुई थोडी पुढे गेली तर ती नसांच्या जुडग्यात जाते, त्या बाजूला सरकतात. छातीच्या पातळीवर बाजूला सरकणारं काही नसतं.

सुई जागेत पोहोचली हे कळतं कसं? सिरिंजमध्ये सलाइन भरून अंगठ्याने दाब देत पुढे जायचं. पिवळ्या स्नायुबंधातून सुई बाहेर पडली की अडलेला दट्ट्या एकदम सैल होतो. फिदेल पाहेस नावाच्या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदाने 1921 साली एपिड्युरलचं वर्णन प्रसिद्ध केलं, 1930च्या दशकात इटलीच्या दोलियोत्ती यांनी दट्ट्या सैल पडण्याची ही खूण रूढ केली, 1940च्या दशकात टुओहींची वाकड्या टोकाची सुई आली. आम्ही आजही मुख्यतः याच खुणेवर चालतो. खूण चांगली आहे, मी रोज तिच्यावर भिस्त ठेवते. पण ती फसवतेही. बाजूच्या स्नायूत, दोन टोकांमधल्या सैल ऊतीत, म्हाताऱ्या माणसाच्या झिजलेल्या स्नायुबंधातही दट्ट्या सैल पडतो. नळी आत सरकते, पट्टी लावली जाते, आणि रात्री पेशंट कण्हतच राहतो. मोठ्या अभ्यासांत छातीच्या पातळीवरचं एपिड्युरल अपुरं पडण्याचं किंवा फसण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं आहे. म्हणजे सुसज्ज, शिकवणाऱ्या रुग्णालयांतही तिघांतल्या जवळपास एकाला हे सुख पुरतं मिळत नाही.

पातळी चुकणं हा त्यातलाच एक भाग. बोटाने मणके मोजायचे: मानेखालचा उठून दिसणारा सातवा, खवाट्याच्या खालच्या टोकाशी छातीचा सातवा. सडपातळ, सरळ पाठीच्या तरुणात हे जमतं. जन्मभर डोक्यावर ओझी वाहून पोक आलेल्या आजीत नाही जमत. 2000 सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात भूलतज्ज्ञांना एमआरआयसाठी आलेल्यांच्या कंबरेत खुणा करायला सांगितलं होतं. मणक्यांमधली पातळी शंभरातल्या अवघ्या 29 वेळा बरोबर निघाली. ती कंबर होती, जिथे मोजायला सोपं. छातीत दोन-तीन मणके खाली नळी बसली की मोडलेली फासळी दुखत राहते आणि बधिरता खालीच पसरते. मग औषध वाढवायचं, रक्तदाब घसरतो, लघवी अडते, आणि शेवटी नळी काढून टाकायची.

मज्जारज्जूला कायमची इजा होणं फार विरळ आहे, हेही स्पष्ट लिहिते. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2009 साली सात लाखांहून जास्त पाठीतल्या भुलींची पाहणी प्रसिद्ध केली. कायमची हानी लाखात दोन ते चार एवढीच निघाली. मात्र गुंतागुंतींतला अर्ध्याहून मोठा वाटा ऑपरेशनसाठी दिलेल्या एपिड्युरलचा होता, एकूण भुलींत त्यांची संख्या कमी असूनही. आणि काही बिघडलंच तर तिथे एमआरआय आणि मेंदू-मणक्याचा सर्जन लवकर मिळू शकतो. कण्यात रक्ताची गाठ झाली तर आठेक तासांच्या आत ती काढली तरच पाय परत येण्याची चांगली शक्यता, असं मानलं जातं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि नागपूर त्याच्याही पुढे. धारणीहून अमरावतीला यायचं तर मेळघाटचा घाट उतरून. जिथून परत फिरायला वेळ नाही तिथे पहिलीच सुई जास्तीत जास्त बघून घातली पाहिजे. शहरापेक्षा आपल्याला यंत्राची गरज जास्त आहे, कमी नाही. 'ग्रामीण भागात एवढं कशाला' हे वाक्य मी कार्यालयांत ऐकलं आहे. ते उलटं आहे.

आणखी एक गोष्ट जी कुठल्याच तक्त्यात येत नाही. आपल्या गावांत लोक पाठीतल्या सुईला फार भितात. 'सिझरला पाठीत सुई मारली, तवापासून कंबर गेली' हे प्रत्येक मोहल्ल्यात कुणीतरी सांगतं. बाळंतपणानंतरच्या दीर्घ कंबरदुखीचा या सुईशी संबंध अभ्यासांतून दिसलेला नाही, पण भीती अभ्यास वाचत नाही. त्यात एखाद्या म्हाताऱ्याला सहा-सात वेळा टोचून शेवटी 'जमलं नाही' म्हणून सोडलं, की त्या गावातला पुढचा पेशंट कागदावर सहीच करत नाही. कमी टोचण्यांत काम होणं हा इथे विश्वासाचाही प्रश्न आहे.

आता यंत्रांबद्दल.

सी-आर्मखाली काम सरळ असतं. पेशंट पालथा. सुई पुढे जाताना पडद्यावर कमान दिसते, तिरक्या कोनातून सुईचं टोक कमानींच्या पुढच्या कडेच्या किती जवळ आलं ते दिसतं. दट्ट्या सैल पडला की एक्स-रेत उठून दिसणारं दोन-तीन मिलिलिटर रंगद्रव्य सोडायचं. ते एपिड्युरल जागेत असेल तर त्याचा विशिष्ट आकार वर-खाली पसरतो, स्नायूत असेल तर गोळा होऊन बसतं, रक्तवाहिनीत असेल तर क्षणात वाहून जातं. खरं-खोटं तिथल्या तिथे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. सी-आर्मच्या गटात 98 टक्के नळ्या खरोखर एपिड्युरल जागेत निघाल्या, बोटांच्या अंदाजाच्या गटात 74 टक्के. एकाच रुग्णालयातली चाचणी आहे, तरी हा फरक मोठा आहे, आणि चारातली एक नळी चुकीच्या जागी हे माझ्या रोजच्या अनुभवाशी जुळतं.

पण ज्याच्या पाच फासळ्या मोडल्यात त्याला पालथं कसं झोपवणार? म्हणून सी-आर्म ठरवून केलेल्या ऑपरेशनांना, आणि नागिणीनंतर छातीच्या पट्ट्यात राहणाऱ्या वेदनेसाठी किंवा तत्सम दुखण्यासाठी देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांना. या दुसऱ्या कामात तर सी-आर्मशिवाय सुई घालूच नये असं माझं ठाम मत आहे. ते तातडीचं काम नसतं, पेशंट चार दिवस थांबू शकतो, आणि एपिड्युरल स्टेरॉइडमुळे क्वचित पण गंभीर मज्जासंस्थेच्या इजा होतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2014 साली दिलेला आहे.

फासळ्या मोडलेल्यासाठी सोनोग्राफी. पेशंट बसलेला, उशी कवटाळून पुढे झुकलेला, लेक समोरून खांदे धरून. सुई हातात घ्यायच्या आधीच प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा भाग, पाठीवर उभा फिरवायचा. खालून बारावी फासळी पकडून मणके मोजत वर यायचं. पातळी नक्की झाली की दोन कमानींमधली फट शोधायची. तिथे आतल्या आवरणाची पांढरी रेघ दिसली तर त्वचेपासून तिचं अंतर मोजायचं. स्केच पेनने खुणा करायच्या, जेल नीट पुसायचं, मग निर्जंतुक तयारी करून नेहमीसारखी सुई घालायची. सरावलेल्या हाताला पाचेक मिनिटं लागतात. किती खोल जायचं हे आधी ठाऊक असलं की हात वेगळ्याच निश्चिंतीने चालतो.

या तपासणीच्या मर्यादा मी लपवणार नाही. ध्वनिलहरी हाडातून जात नाहीत, आणि छातीच्या मधल्या मणक्यांत फट इतकी अरुंद असते की काही म्हाताऱ्या पाठींत आवरणाची रेघ दिसतच नाही. प्रोब दाबला की मांस दबतं, त्यामुळे मोजलेलं अंतर जरा कमी येतं. छातीच्या एपिड्युरलसाठी आधी सोनोग्राफी करण्याच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. कुठे टोचण्याच्या खेपा कमी झाल्या, कुठे वेळ वाचला नाही. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2008 साली सांगितलं ते एवढंच की पुरावा मर्यादित आहे, पण पद्धत सुरक्षित आहे आणि जागा अचूक साधायला मदतीची ठरू शकते. मला ते पुरेसं वाटतं. पातळी अचूक कळणं आणि खोलीचा अंदाज मिळणं, या दोन गोष्टी तरी बोटांपेक्षा ती नक्की चांगल्या सांगते. शिवाय ज्याची फट सापडणारच नाही असं पडद्यावर दिसलं, त्याला सात वेळा टोचण्याऐवजी त्याच प्रोबखाली पाठीच्या उभ्या स्नायूखालचा ब्लॉक देता येतो. 2016 साली वर्णन झालेला हा ब्लॉक कण्यापासून लांब, कमी जोखमीचा. दुखणं एपिड्युरलइतकं नेहमीच जात नाही, पण पेशंट खोकायला लागतो.

इथे आपण खऱ्या अडचणीपाशी येतो. सोनोग्राफीचं यंत्र तुमच्या रुग्णालयात एका खोलीत आहे. ती खोली ओपीडी संपली की कुलूपबंद होते. फासळ्या मोडलेला पेशंट संध्याकाळी येतो, शेतातून उचलून, दोन ठिकाणी फिरून. भूलतज्ज्ञाने यंत्र मागितलं की उत्तर मिळतं: पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणारा कायदा. यंत्र त्या खोलीच्या नावावर नोंदलं आहे, भूलतज्ज्ञाचं नाव नोंदणीत नाही, उद्या तपासणी आली तर जबाबदार कोण? ज्या एका रुग्णालयात मला हे उत्तर मिळालं तिथल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी आसपास यंत्रं सील होताना पाहिली आहेत.

या कायद्याच्या मी पूर्ण बाजूची आहे. 1988 साली देशात सगळ्यांत आधी महाराष्ट्राने असा कायदा केला, केंद्राचा 1994 सालचा कायदा त्यानंतर आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 साली 913 होती ती 2011 साली 894 वर घसरली. मी बाई आहे, या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि छातीच्या मणक्यांसाठी जो वाकडा, कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लागतो, तोच पोटातलं बाळ बघायलाही लागतो. म्हणून 'आमचा प्रोब वेगळा, आम्हाला सोडा' असं मी म्हणणार नाही. आम्हाला सोडू नका. आमची नोंद घ्या.

कायद्यातच त्याची वाट आहे. यंत्र, जागा किंवा वापरणारी माणसं यांत बदल झाला तर तो समुचित प्राधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नोंदणी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचा असतो. आणि महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर जिल्ह्याचे समुचित प्राधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक साहेब, तुम्हीच आहात. रुग्णालयाचे प्रमुखही तुम्हीच. यंत्र मागणारा अर्ज आणि परवानगी देणारं टेबल एकाच खोलीत आहे. ओटी आणि अतिदक्षता विभाग ही यंत्र वापरण्याची ठिकाणं म्हणून नोंदणीत घ्या. नियमित भूलतज्ज्ञांची नावं त्यात घाला. ओटीतल्या यंत्राला स्वतंत्र वही ठेवा: तारीख, वेळ, पेशंटचा नोंदणी क्रमांक, स्त्री की पुरुष, शरीराचा कुठला भाग पाहिला, कोणी पाहिला, किल्ली कोणी दिली, कोणी परत घेतली. गरोदर बाईला ब्लॉक द्यायचा असेल तर नियमाप्रमाणे एफ फॉर्म, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा नोंदीचा कागद, भरला जाईल. महिन्याला ही वही तुमच्यासमोर येऊ द्या. अशा वहीची आम्हाला भीती नाही, उलट रात्री अकरा वाजता किल्ली मागताना तीच आमचं संरक्षण असेल. नियमाच्या शब्दाबद्दल तुम्हाला शंका असेल तर राज्य पातळीवरून लेखी खुलासा मागवा. तोंडी 'नको, कशाला भानगड' एवढ्यावर हा विषय वर्षानुवर्षं मिटवला जातोय, ते थांबवा.

सी-आर्मला ही अडचणही नाही. त्याची अणुऊर्जा नियामक मंडळाकडची नोंद झालेली असते, तंत्रज्ञ असतो. अडचण आहे ती 'तो ऑर्थोचा (हाडांच्या विभागाचा) आहे' या समजुतीची. आठवड्यातले ठरलेले दोन तास भूलविभागाला लेखी द्या. भूलतज्ज्ञाला शिशाचा एप्रन, गळ्याची पट्टी आणि किरणमापक बिल्ला द्या. बऱ्याच जुन्या ओटी टेबलांचा लोखंडी दांडा नेमका छातीच्या पातळीवर चित्राच्या आड येतो, तेव्हा नवं टेबल घेताना क्ष-किरण आरपार जाणारं घ्या. नियोजन समितीकडे मी मागते आहे ते एवढंच: हे टेबल, एप्रन, आणि जिथे सोनोग्राफीचं एकच यंत्र आहे आणि त्यावर गरोदर बायांची रांग लागते, तिथे ओटीसाठी दुसरं, दोन प्रोबचं छोटं यंत्र. एक्स-रेचं नवं दालन नको, उद्घाटनाची पाटी नको. यंत्राबरोबर देखभालीचा करार मात्र आधीच करा, नाहीतर वर्षभराने ते चादरीखाली जातं.

आणि रंगद्रव्य. हा परिच्छेद औषध भांडाराच्या प्रमुखांना वाचून दाखवा, ही हात जोडून विनंती. कण्याजवळ फक्त आयोहेक्सॉलसारखं, कण्याच्या आत वापरायला मान्यता असलेलं, आयनविरहित रंगद्रव्यच चालतं. लहान रुग्णालयांच्या फडताळात मूत्रमार्गाच्या एक्स-रेसाठी आणलेलं मेग्लुमाइन डायट्रिझोएट पडून असतं. दिसायला तेही पाण्यासारखं स्वच्छ. सुई चुकून आवरणाच्या आत असेल आणि ते सोडलं गेलं तर पायांपासून वर चढत जाणारे झटके येतात आणि माणूस दगावू शकतो. 'रंगद्रव्य, एक बाटली' असा मोघम इंडेंट (मागणीचा कागद) कुणाकडूनही स्वीकारू नका. नाव पूर्ण लिहिलेलं असू द्या, आणि सी-आर्मच्या खोलीत दुसरं रंगद्रव्य ठेवूच नका.

शिकण्याची सोय आपल्याच भागात होऊ शकते. नागपूरचं मेडिकल आणि मेयो, एम्स, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, इथल्या भूलविभागांकडे जिल्ह्यातल्या डॉक्टरांना आठवडाभर पाठवा. त्या काळात बदली भूलतज्ज्ञ द्या, नाहीतर जाणार कोण? कण्याची सोनोग्राफी शिकायला पेशंटही लागत नाही. सहकाऱ्यांनी एकमेकांच्या पाठीवर प्रोब फिरवून मणके मोजायला शिकता येतं, सुई लागते ती फार नंतर.

एक अट मात्र मी स्वतःहून घालते. छातीचं एपिड्युरल सगळीकडे सुरू करा असं मी म्हणत नाही. नळी बसवल्यावर दर तासाला रक्तदाब, श्वास आणि पायांची ताकद बघणारी सिस्टर जिथे नाही, रात्री फोन उचलणारा भूलतज्ज्ञ जिथे नाही, तिथे ते देऊ नये, कितीही चांगलं यंत्र असलं तरी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांत ते टाळावं किंवा ठरलेल्या अंतराने द्यावं, आणि नळी काढतानाही तेच पथ्य. पायात बळ कमी वाटलं की 'औषधाचा असर आहे' म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. म्हणून सुरुवात जिल्हा रुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि अतिदक्षता विभाग खरोखर चालू असलेली उपजिल्हा रुग्णालयं एवढ्यापुरती ठेवा. बाकीच्या ठिकाणी सोनोग्राफीखालचे बाहेरचे ब्लॉक पुरेत.

सोयाबीन काढणीच्या आत, म्हणजे थ्रेशर रस्त्यावर यायच्या आत, किमान ओटीच्या नोंदणीचा आदेश तुमच्या जिल्ह्यात निघावा अशी माझी विनंती आहे. वहीचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. ज्या जिल्ह्याला हवा त्यांना देईन, आणि पहिल्या महिन्यात वही भरायला तिथे येऊन बसायचीही माझी तयारी आहे.

आपली नम्र,
पूर्व विदर्भातली एक भूलतज्ज्ञ